विनंती विशेष, फुकट येऊ का?

आमच्या कन्येनं गेल्या वर्षी ११२ ठिकाणी 'मला फुकट काम करू द्या' अशी विनंती केली. १०९ ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. एकानं 'सध्या जागा नाही' असं कळवलं. दुसऱ्यानं कळवलं की आपण आमच्या पत्त्यावर दुसऱ्याच फर्मच्या नावानं अर्ज केला आहे, तरी तो आम्ही त्यांच्याकडे पाठवून दिला आहे. तिसऱ्या ठिकाणची मेलची पेटी भरलेली होती, त्यामुळे तिचाच मेल तिच्याकडे परत आला. त्याला ती दोन दिवस 'रिस्पॉन्स' म्हणत होती.

मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर दिवाणजी आहे. आमच्याकडे फुकटात कुणी बोट हलवत नाही. ट्रक लागला, गोणी खाली आली, की हमाली. काट्यावर चढली की तोलाई. वाराईचा रकाना आणखी वेगळा. १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्याच्या आधारानं ही मजुरी मंडळामार्फत जाते, वर लेव्ही बसते, तिच्यातून हमालाचा फंड, बोनस, सगळं निघतं. गोणी पन्नास किलोंपेक्षा जड भरली असेल तर टोळी भांडत बसत नाही. नुसती बाजूला होऊन तंबाखू मळायला लागते. शेठच धावत येतो. अशा वातावरणात तीस वर्षं काढलेल्या माणसाला मुलीनं रात्री जेवताना सांगितलं, "बाबा, अजून एकानं पण घेतलं नाही मला."

"पगार जास्त मागितलास का?"

"पगार नसतोच रे. स्टायपेंड असतो कुठेकुठे. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कोण देतंय?"

"मग जायचं कशाला?"

"नियम आहे."

नियम मी स्वतः वाचून काढला, कारण नियम म्हटलं की आम्ही मार्केटवाले आधी त्यातली पळवाट बघतो. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांत लिहिलंय की पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमात किमान वीस आठवडे इंटर्नशिप पाहिजे, तीन वर्षांच्याला बारा. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. रोजची डायरी लिहायची, तिला मार्क असतात. पोशाख ठरलेला : पांढरा शर्ट, काळा टाय, काळा कोट, काळे बूट आणि काळे मोजे. मी पुन्हा वरपासून वाचलं. मोज्यांचा रंग दिलेला आहे. पैशांचा रकाना नाही.

"ही वेठबिगारी झाली," मी म्हणालो.

मुलीचा चेहरा उजळला. अभ्यासातलं कुणी विचारलं की तिला बरं वाटतं. "राज्यघटना, कलम २३," ती म्हणाली. "वेठबिगारीला बंदी. शिवाय १९७६चा वेठबिगार निर्मूलन कायदा. शिवाय १९८२चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, एशियाडच्या मजुरांचा. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं हीसुद्धा सक्तीची मजुरी, असं कोर्टानं म्हटलंय. गरिबीपायी माणूस कबूल झाला असेल, तरी."

"मग?"

"मग काय! आम्हांला सक्ती कुठंय? आम्ही अर्ज करतो."

यावर मला बोलता आलं नाही. वेठीला धरून आणलेला माणूस निदान पळून जायचा प्रयत्न करायचा. इथं वेठीच्या दारात रांग आहे आणि रांगेतला प्रत्येकजण पुढच्याचा सीव्ही मानेवरून वाकून वाचतोय.

आमच्या गाळ्याचे हिशेब बघणाऱ्या सीएकडे दोन पोरं आर्टिकलशिप करतात. त्यांच्या संस्थेनं त्यांना किमान स्टायपेंड किती द्यायचा ते ठरवून दिलंय. फार नाही, पण आकडा आहे. हमालाला दर आहे, सीएच्या पोराला आकडा आहे, आणि हे दर, आकडे आणि कायदे ज्या धंद्यातली माणसं लिहितात, त्यांच्या स्वतःच्या गाळ्यावर मात्र पाटी कोरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिलनं एक परिपत्रक काढलं, नव्या वकिलांना शहरात महिना वीस हजार आणि गावाकडे पंधरा हजार तरी द्या म्हणून. पण तेही सनद मिळालेल्यांसाठी, आणि तीही शिफारस. शिफारस म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मीही शेठकडे दर दिवाळीला बोनसची शिफारस करतो.

आता सीव्हीबद्दल. नोकरीला लागताना माझा बायोडाटा अर्ध्या पानाचा होता. नाव, पत्ता, बी. कॉम., तृतीय श्रेणी, 'खेळांची आवड'. मुलीचा सीव्ही दोन पानांचा आहे आणि तो वाचल्यावर ही मुलगी आमच्याच घरात राहते यावर विश्वास बसत नाही. आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त तिनं दोनदा लिहून दिलं होतं, कारण सेक्रेटरींचं अक्षर कुणाला लागत नाही. त्याचं झालं 'सहकारी संस्थेच्या गव्हर्नन्सचा प्रत्यक्ष अनुभव'. वरच्या मजल्यावरच्यांच्या न्हाणीघरातून आमच्या स्वयंपाकघरात पाणी गळतं. सिडकोनं बांधलेल्या घरांत छप्पर आणि गळती एकाच ताब्यात मिळतात. त्यावरून हिनं वरच्या काकूंशी जिन्यात जे भांडण केलं, त्याचं झालं 'पर्यायी तंटा निवारण व मध्यस्थी'. मी विचारलं, "मध्यस्थी कसली? गळतंय अजून." ती म्हणाली, "निकाल लागला असं कुठं लिहिलंय?" त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही वकील होणार.

कव्हर लेटर नावाचा प्रकार त्याहून अवघड. त्यात फर्मला सांगायचं असतं की मी लहानपणापासून तुमच्याच फर्मची स्वप्नं पाहत आले. फर्मचं नाव परवा कळलेलं असलं तरी. स्वप्न एकच, फर्म ११२, म्हणून ती नाव तेवढं बदलत जायची. रात्री दीड वाजता सत्तेचाळिसाव्या फर्मला अठ्ठेचाळिसावीची स्वप्नं गेली. पुढचं वर सांगितलंच आहे. मेल कधी पाठवायचा याचंही शास्त्र आहे. सोमवारी नको, साहेब कामात असतात. शुक्रवारी नको, साहेब मनानं अलिबागला पोचलेले असतात. मंगळवारी सकाळी साडेदहा हा मुहूर्त. मंगळवारी साडेदहाला महाराष्ट्रातल्या कायद्याच्या सगळ्या पोरांचे मेल एकदम सुटत असणार आणि फोर्टातली इंटरनेटची तार मधोमध वाकत असणार.

त्यात अर्ज वर्षभर आधी करायचा. मला हे एकदम पटलं. कोकणात हापूसची बाग मोहोरावरच विकली जाते. फळ धरेल की नाही, वारा येईल की नाही, पुढचं पुढे. आणि पेटीवर देवगड छापलेलं असेल तर आत काय आहे ते कोणी उघडून बघत नाही. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. तिथल्या पोरांची समितीच असते, ती गठ्ठ्यानं माल लावते. आमची खाडीपलीकडच्या साध्या कॉलेजातली. आंबा चांगला आहे हो, पण सुटा आहे, पेटी नाही.

धीर द्यावा म्हणून मी तिला गांधीजींची गोष्ट सांगितली. १८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, मुंबईत वकिली करायला बसले, कामच मिळेना. हायकोर्टात जाऊन बसायचे आणि डुलक्या काढायचे. पहिली केस स्मॉल कॉजेस कोर्टात, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले, केस दुसऱ्या वकिलाकडे दिली. त्यानं एक्कावन्न घेतले. मग वैतागून जाहिरात बघून एका शाळेत अर्ज केला, रोज एक तास इंग्रजी शिकवायचं, पगार पंच्याहत्तर. तिथंही नकार, कारण बॅरिस्टर असले तरी पदवीधर नव्हते. "म्हणजे बघ," मी म्हणालो, "महात्म्यालासुद्धा नाही म्हणाले."

"बाबा," ती म्हणाली, "त्यांना मुलाखतीला तरी बोलावलं होतं."

आंबेडकरांचं नाव मी नंतर काढलं, आणि त्यात गंमत आणायचा प्रयत्न केला नाही. एवढ्या पदव्या घेऊन १९२३ साली ते मुंबईत वकिलीला बसले, तर सॉलिसिटर लोक कामं देईनात. तिथं कारण सीव्ही नव्हतं. १९२५ पासून ते बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत होते. आम्हा वहीखात्याच्या माणसांना ही गोष्ट माहीत हवी, म्हणून सांगितली. मुलगी काही बोलली नाही. लॅपटॉप तेवढा बंद केला.

दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, पूर्वी बरं होतं, सॉलिसिटरकडे तीन वर्षं आर्टिकलशिप करायची आणि परीक्षा द्यायची. पूर्वी कशाला, ती परीक्षा अजून आहे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी घेते, १८९४ सालची संस्था. मुंबईतल्या या फर्मांची वयं ऐकून मला चक्कर यायची. क्रॉफर्ड बेली १८३० सालची. मुंबई हायकोर्ट १८६२चं. म्हणजे कोर्टापेक्षा वकिलाचं ऑफिस बत्तीस वर्षांनी थोरलं. आमच्याकडेही आधी अडत्या येतो, मार्केट नंतर. आणखी चौकशी केली तर कळलं की इंग्लंडात पूर्वी पोराला आर्टिकल्ड क्लर्क म्हणून ठेवून घ्यावं यासाठी बापच सॉलिसिटरला भरभक्कम रक्कम मोजत असे. हे मी घरी सांगितलं नाही. कल्पना द्यायची नसते.

मेलला उत्तर नाही तर समोर जाऊन उभं राहू, असं मी ठरवलं. हा सल्ला जुन्या माणसाचाच. दोघं नेरुळहून निघालो, कुर्ल्याला गाडी बदलली, करी रोडला उतरलो आणि चालत लोअर परळ. ज्या काचेच्या टॉवरसमोर आलो तिथं मी जरा थांबलो. माझे वडील याच आवारातल्या गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर जायचं, उभं राहायचं. कायम कामगार कुणी आला नसेल तर जॉबर बोट दाखवायचा, तू ये आत. बोट दाखवलं नाही तर परत चाळीत. आई म्हणायची, तुझे वडील कामाला गेले की नाही हे मला साडेसातला जिन्यात पाय वाजले नाहीत की कळतं.

आता गेटवर जॉबर नव्हता, सिक्युरिटी गार्ड होता. त्यानं मुलीला विचारलं, "अपॉइंटमेंट?" ती म्हणाली, "इंटर्नशिपसाठी सीव्ही द्यायचाय." त्यानं टेबलाखालून एक खोका काढला. खोक्यात असे बरेच होते. तिनं वरती आपला ठेवला. तो म्हणाला, "मॅडम, मेल पण टाकून ठेवा." मी त्याला विचारलं, हा खोका वर कधी जातो? तो म्हणाला, "भरला की." बदली कामगाराला गेटवरच कळायचं, एवढा एक फरक मला जाणवला. आणि काम मिळालं त्या दिवसाचे पैसे मिळायचे, हा दुसरा.

आता उरला वशिला. नवी मुंबईत ज्याच्या ओळखीत वकील नाही असा माणूस सापडणं कठीण. ९५ गावांच्या जमिनी घेऊन हे शहर बसवलं आणि मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली, तेव्हापासून साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटला साडेतेरा वारस उभे आहेत. आत्या बाहेर निघते, चुलतभाऊ सही नाकारतो, बिल्डर आगाऊ रक्कम देऊन बसलेला असतो. वरून सोसायट्यांच्या भानगडी, सिडकोचे हस्तांतरण शुल्क, मेंटेनन्स न भरणारे. एवढं पीक असताना माझ्या ओळखीत मात्र एकही वकील निघेना, कारण मी आयुष्यभर भांडण मिटवून घरी जाणाऱ्यांतला.

काम झालं ते आमच्या टोळीच्या मुकादमामुळे. माणूस मूळचा पाटणकडचा, शिक्षण चौथी, आणि मार्केटातल्या कुठल्या गोणीत सडका बटाटा आहे ते बाहेरून पाठीला कळतं म्हणणारा. माझं तोंड उतरलेलं बघून त्यानं विचारलं आणि मी सांगून टाकलं.

"एवढंच? बेलापूरला आमचं वकीलसाहेब हायेत की. टोळीच्या केशी त्येच बघत्यात. आत्ता फोन लावतो." आणि फोन लावलाही. पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं. "कायद्याची पोरगी आहे का? ये म्हणावं उद्या. कोट आण, डबा आण." अकरा सेकंद. सीव्ही कुणी मागितला नाही. कव्हर लेटर पाटणकरी मराठीत, तोंडी.

फोन खिशात टाकत मुकादम म्हणाला, "ताईंची हजेरी किती पडंल, दिवाणजी?"

"काही नाही. फुकट असतं."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काट्यात दगड ठेवताना सापडलो. "बिनपगारी? आन् कोट सोताचा?"

"स्वतःचा."

"गाडीभाडं?"

"स्वतःचं."

"मग ह्यांची युनियन काय करती?"

मी सांगितलं की युनियन नाही. तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "शिकलेली मान्सं हायेत, दिवाणजी. तुमी काय बोलू नका त्यास्नी." एखाद्याच्या घरात मयत झाल्यासारखं बोलला.

कोट तुर्भ्याच्या दुकानातून घेतला. पहिल्या दिवशी ती नेरुळहून लेडीज सेकंड क्लासमध्ये चढली. पांढरा शर्ट, काळा कोट, हातात वही. डब्यात एकदम शांतता पसरली. तीन बायका पर्समध्ये हात घालून पास शोधायला लागल्या. कोलंबीच्या टोपलीवाल्या मावशींनी टोपलीवर पदर ओढला. एक मुलगी काहीही कारण नसताना सीवूड्सला उतरून गेली. हिला कळेना काय झालं. शेवटी एका आजींनी तिच्यासमोर तिकीट धरलं आणि हिनं, सवयीनं, ते वाचून परत दिलं. बेलापूरपर्यंत अकरा तिकिटं तपासून झाली होती. डायरीत यातलं काही लिहायचं नसतं, नाहीतर तो दिवस पहिल्या मार्काचा होता.

काम काय, तर पहिले आठ दिवस पानांवर आकडे घालायचे. याला पेजिनेशन म्हणतात. तीनशे पानांच्या दाव्यात दोनशे सतरावं पान दोनदा आलं की पुढची सगळी खोडायची. मग झेरॉक्स, मग टाचण्या, मग पुडकं पाठीशी धरून वकीलसाहेबांच्या मागे कोर्टात. पुकारा झाला की उभं राहायचं. समोरचे वकील आले नाहीत, पुढची तारीख. साहेब सुटीवर, पुढची तारीख. एकदा सगळे हजर होते आणि वीज गेली. रोजनाम्यात काय लिहिलं जातं ते वाचायला तिला शिरस्तेदारांनी शिकवलं, वकिलांनी नाही. वकीलपत्राला तिकीट कुठं चिकटवायचं ते बाहेर छत्रीखाली बसणाऱ्या टंकलेखकानं. साडेबारा टक्क्यांच्या एका दाव्यात पंच्याहत्तरीची आजी रोज यायची, निकाल लागेल म्हणून नव्हे, तर नणंदही येते की नाही ते बघायला. हिला ती चिक्की द्यायची. विरुद्ध पक्षाची होती, पण चिक्कीला पक्ष नसतो, असं वकीलसाहेब म्हणाले, आणि अर्धी त्यांनी घेतली.

रोज रात्री ती डायरी लिहायची. मला सवयच आहे, मी शेजारी बसून तिच्याच नोंदींवरून एक वेगळं पान मांडत गेलो. पुडकी उचलली : चौसष्ट. वजन अंदाजे. मजले चढवले : दोन, लिफ्ट बंद. चहा मिळाला : छत्तीस, ते जमेला. मार्केटातल्या चालू दरानं आकडा काढला तेव्हा तो एवढा निघाला की मी वही मिटली.

चार आठवडे झाले. वकीलसाहेबांनी लेटरहेडवर सर्टिफिकेट दिलं, खाली सही, गोल शिक्का. 'मेहनती व जिज्ञासू' असा शेरा. मुलीनं फोटो काढून सगळ्यांना पाठवला. मी झेरॉक्स गाळ्यावर नेली, कारण मुकादमाला दाखवायलाच हवी होती, काम त्यानं केलेलं.

त्यानं हात पुसले, कागद घेतला. समोरून बघितला. उलटा करून मागून बघितला. मग पाचशेची नोट तपासतात तसा उजेडाकडे धरला.

"शिक्का हाय," तो म्हणाला. "आकडा कुठाय?"